बारडोली बोर्ड

एप्रिलात तळोद्यात दोन गोष्टींना बहर येतो. एक आंबा, दुसरा शाळांचा फ्लेक्स. आंब्याचं वर्षाआड काही खरं नसतं, फ्लेक्स मात्र हमखास लागतो.

गेल्या एप्रिलात बसस्टँडच्या समोर लागलेला चांगला वीस फुटी होता. त्यावर टाय लावलेला एक गोरा मुलगा हसत होता. या मुलाला मी दोंडाईच्यात, शिरपुरात, धुळ्यातसुद्धा पाहिलं आहे. एवढ्या शाळांत एकाच वेळी शिकतो, पण चेहऱ्यावर ताण म्हणून नाही. त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘सीबीएसई + केंब्रिज. आता तळोद्यात!’ ‘आता तळोद्यात’ हे शब्द आमच्याकडे आजवर सर्कस आणि मूळव्याधीचे डॉक्टर या दोघांसाठीच राखीव होते. शिक्षणाचा नंबर लागला, बरं वाटलं.

त्याच फ्लेक्सखाली एक ट्रक पंक्चर होऊन उभा होता. गुजरातची ऊसतोड संपवून आलेला. वर गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, निळा ड्रम, पोत्यात गुंडाळलेले कोयते आणि खुराड्यात एक कोंबडी, जिचा हंगाम इतरांपेक्षा बरा गेला असावा. चाक निघेपर्यंत माणसं खाली उतरली. गावी राहिलेली एक आजी नातीला घेऊन बाजाराला आली होती, ती यांना तिथेच भेटली. त्या नातीचा भाऊ ट्रकमधून उतरला. नऊ-दहा वर्षांचा असेल. त्यानं मान वर करून फ्लेक्स वाचायला घेतला, एकेक अक्षर चघळत.

“सीबीएसई... वत्ता... केंब्रिज.”

बहीण फिसकन हसली. मग दोघं भांडायला लागली. भांडण त्यांच्या घरच्या बोलीत होतं, त्यामुळे मला त्यातले दोनच शब्द कळले. तो म्हणत होता ‘वत्ता’, ती म्हणत होती ‘अधिक’.

उलगडा व्हायला मला निम्मा चहा लागला. आपल्याकडे दोन आकड्यांमधल्या फुलीला अधिक म्हणतात. गुजराती शाळेत तिलाच वत्ता म्हणतात. पोरगं दिवाळीनंतर आईबापाबरोबर तिकडे गेलं, तोडकऱ्यांच्या पडावाजवळच्या शाळेत चार दिवस जाऊन बसलं आणि येताना वत्ता घेऊन आलं. बहीण आजीजवळ राहिली, आश्रमशाळेत गेली, तिच्याकडे अधिक. एका आईची दोन लेकरं, एकच फुली, दोन बोर्डं. आणि दोघं मिळून वाचतात काय, तर तिसऱ्या आणि चौथ्या बोर्डाची जाहिरात.

हा प्लस मी पुढे आणखी जवळून पाहिला. भाचीच्या मुलाचा प्रवेश घ्यायचा होता, तिच्याबरोबर एका शाळेत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण पोरगं तिथेच शिकतं आहे. एसी हॉल, पाण्याच्या छोट्या बाटल्या आणि कोऑर्डिनेटर मॅडम. मॅडमनी पडद्यावर दोन गोल दाखवले. एक गोल आपला, एक तिकडचा. दोन्ही एकमेकांवर चढलेले, आणि मधल्या जागेत टायवालं तेच पोरगं. गणित, सायन्स आणि परिसर आपल्या पुस्तकातून, इंग्लिश तिकडच्या, शिवाय आठवड्याला एक तास ‘ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह्ज’चा. पालकांना काही शंका?

शंका होत्या. बस चिनोदा रस्त्यानं येईल का? डबा मिळतो का? फी तीन हप्त्यांत चालेल का? अभ्यासक्रमाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी मागून एक पपईवाले नाना उठले. “मॅडम, हे दोन कोर्स शिकवणार, तर मास्तर पण दोन का?” हॉलमध्ये हशा पिकला. मॅडमही हसल्या. उत्तर हसण्यातच जिरलं.

मला मिश्रणाचं वावडं नाही. आम्ही खान्देशी माणसं. आमच्या बोलीत मराठी किती आणि गुजराती किती, यावर भाषेचे पंडित शंभर वर्षं वाद घालत आहेत आणि आम्ही तोवर जेवून घेतो आहोत. मिश्रण करावंच. पण मिश्रणात दोन्ही जिन्नस पडले पाहिजेत. एकाची नुसती चिठ्ठी डब्यावर लावली तर त्याला आमच्याकडे किराणावाला वेगळा शब्द वापरतो.

ऑगस्टात भाचीच्या पोरानं एक वर्कशीट आणलं. ‘तुम्ही सुट्टीत कसे गेलात?’ असा प्रश्न आणि खाली चार चित्रं. विमान, जहाज, आगगाडी, मोटार. योग्य चित्राला गोल करा. पोरगं मे महिन्यात एसटीनं आजोळी शहाद्याला गेलं होतं. त्यानं कोपऱ्यात पेन्सिलीनं लाल डबा काढला, अगदी मागच्या शिडीसकट. बाईंनी तो खोडायला लावला, कारण दिलेल्या पर्यायांतूनच निवडायचं असतं. पोरानं जहाजाला गोल केला. जहाज त्याला आवडतं. बाईंनी बरोबरची खूण करून वर एक चांदणीही दिली. तेव्हापासून आमच्या घराण्यात तळोदा ते शहादा ही जलवाहतूक सुरू आहे.

वर्कशीटवर ट्रक नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

हा ‘इंटरनॅशनल’ अभ्यासक्रम कुठून निघाला, ते बघण्यासारखं आहे. केंब्रिजवाल्यांचा धंदा जुना. १८५८ पासून ते शाळांच्या परीक्षा घेतात, पुढे साम्राज्यभर घेऊ लागले. दहावीची त्यांची आजची आयजीसीएसई ही परीक्षा १९८८ची. पण आयबी नावाचं जे सगळ्यांत महागडं बोर्ड आहे, त्याची गोष्ट वेगळी. पहिलं महायुद्ध संपल्यावर जिनिव्हाला राष्ट्रसंघ आला, कामगार संघटनेची कचेरी आली, आणि देशोदेशीचे साहेब तिथे बिऱ्हाडं घेऊन आले. त्यांच्या पोरांसाठी १९२४ साली तिथे एक इंटरनॅशनल शाळा निघाली. अडचण अशी की बापाची बदली झाली की पोरगं लटकायचं. फ्रान्सला परतलं तर फ्रेंच परीक्षा, इंग्लंडला गेलं तर इंग्रज परीक्षा. एका वर्गातल्या पोरांना मास्तरांनी किती देशांच्या परीक्षांसाठी घासायचं? मग त्या मास्तरांनीच एकमेकांत खल केला की सगळीकडे चालेल अशी एकच परीक्षा काढू. १९६८ मध्ये आयबी उभं राहिलं ते असं.

म्हणजे मूळ दुखणं इंग्रजी येण्याचं किंवा न येण्याचं नव्हतंच. दुखणं होतं फिरतीचं. ज्याचा बाप एका जागी ठरत नाही, त्या पोराचं वर्ष वाया जाऊ नये, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप.

आता सांगा, तळोद्यात कुणाचा बाप एका जागी ठरत नाही?

फ्लेक्स वाचून अर्ज भरणारे आम्ही लोक तर इथे असे रुतून बसलो आहोत, की नंदुरबारला बदली झाली तरी ती रद्द करायला आमदार गाठतो. पपईवाल्या नानांची चौथी पिढी त्याच शिवारात आहे. आमच्या पोरांना एका देशातून दुसऱ्या देशात चालणारा अभ्यासक्रम कशाला हवा? आणि ज्यांचं बिऱ्हाड दरवर्षी दिवाळी झाली की ट्रकवर चढतं, राज्याची हद्द ओलांडतं, भाषा ओलांडतं, लिपी ओलांडतं आणि एप्रिलात परत येतं, ते फ्लेक्सखाली चाक बदलत उभे. आयबी ज्या पोरासाठी निघालं, ते तळोद्यात आहे. फक्त त्याचा बाप राष्ट्रसंघात नाही, बारडोली भागात ऊस तोडतो.

तिकडे त्या बापाला माणूस म्हणून मोजतही नाहीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. बारडोलीची साखर सहकारातली नावाजलेली, आणि तिच्यासाठी ऊस तोडायला खान्देशातून माणसं जातात ही काही आजची बातमी नाही. यान ब्रेमन नावाचे नेदरलँड्सचे समाजशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात तिथे जाऊन या तोडकऱ्यांमध्ये फिरले, त्यांच्यावर लिहिलं, ते जगभरच्या विद्यापीठांत वाचलं गेलं. तेव्हा या फिरतीचा इंटरनॅशनल अभ्यास झालेला आहे, कोणी झाला नाही म्हणू नये. अभ्यासक्रम तेवढा व्हायचा राहिला.

त्या पोराचं शैक्षणिक वर्ष हिशेबाला धरा. जूनच्या मध्यात आपली शाळा सुरू होते. दिवाळीपर्यंत पोरगं बालभारतीचं पुस्तक शिकतं, तेही घरच्या बोलीतून मराठीत उतरून, जे त्याला आधीच एक परदेश असतं. मग ट्रक. पडावावर गेल्यावर शाळा लाभली तर गुजराती, अक्षरांवरची रेघच गायब. आमच्या बाईंनी ‘रेघ सरळ काढ, रेघ सरळ काढ’ म्हणून ज्या हातावर पट्टी मारली, त्या हाताला तिकडच्या बाई म्हणतात की रेघ काढतोस कशाला? नाही लाभली शाळा, तर धाकट्या भावंडाला सांभाळणं आणि उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या मोजणं. पेंढीमागे किती, दहा पेंढ्यांचे किती, गिऱ्हाईक दोन कमी देतंय ते किती. ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह्जच्या तासाला असं काही शिकवत असतील, तर मी फी भरायला तयार आहे. एप्रिलात परत, तोवर इथली वार्षिक परीक्षा उरकत आलेली. आठवीपर्यंत जाता जाता असं पोरगं दोन राज्यांचे दोन अर्धे अभ्यासक्रम शिकतं. दोन अर्धे मिळून एक होतो, असं गणित सांगतं. शिक्षण खात्यात दोन अर्धे मिळून ‘शाळाबाह्य’ होतो.

नवापूरचं रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिलं असेल त्यांना मी काय म्हणतो ते पटेल. आमच्याच जिल्ह्यातलं. फलाटाचं एक टोक महाराष्ट्रात, दुसरं गुजरातेत. एका बाकावर बसलेल्या नवऱ्याचं राज्य वेगळं, बायकोचं वेगळं, असे फोटो लोक हौसेनं काढून घेतात. घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत. दोन राज्यांच्या मधोमध उभं राहून दोघांनाही कळेल असं बोलणं रेल्वेला जमतं. ती यासाठी कुणाकडून डोनेशन घेत नाही.

सरकारनं काही केलं नाही असं कोण म्हणतो? सरकारनं या मिश्रणाचा नाद आपल्याआधी केला. दिल्लीच्या सीबीएसईनं २०१० साली ‘सीबीएसई-आय’ काढलं, परदेशातल्या भारतीय शाळांसाठी, आपलं आणि जगाचं एकत्र करून. २०१७ मध्ये गुंडाळलं. मग आपल्या राज्याला स्फुरण चढलं. २०१८ साली विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ निघालं. पहिल्या घासाला १३ शाळा, त्याही जिल्हा परिषदेच्या. कल्पना म्हणून मला ती आजही आवडते. आंतरराष्ट्रीय म्हणजे महाग हे समीकरण मोडायचं आणि मातीतल्या शाळेत ते आणायचं, यात वाईट काय होतं? पण २०१९ला सरकार बदललं आणि २०२०मध्ये नव्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाडांच्या काळात मंडळ बरखास्त. त्या मंडळात पहिलीला बसलेलं पोरगं तिसरीत पोचायच्या आत मंडळ उठून गेलं होतं. मास्तरांची बदली पाहिली होती, वर्गाची तुकडी बदललेली पाहिली होती, आख्ख्या बोर्डाचीच बदली प्रथम पाहिली.

मुंबईनं मात्र नेट लावला. महापालिकेनं २०२२-२३ पासून माटुंग्याची एक शाळा केंब्रिजला जोडली, विलेपार्ल्याची एक आयबीला. फी नाही, प्रवेश सोडतीनं. रिक्षावाल्याचं पोरगं तिथे बसतं म्हणतात, आणि मी या गोष्टीला टोमणा मारणार नाही. शोधला, सापडला नाही.

बाकी राज्यात २०२५ पासून पहिलीला ‘सीबीएसई पॅटर्न’ आला. पॅटर्न हा शब्द आपल्याला फार लागतो. लातूर पॅटर्न, सेमी पॅटर्न, सीबीएसई पॅटर्न. पूर्वी हा शब्द फक्त स्वेटर विणणाऱ्या बायका वापरत, आणि त्यांचा निदान स्वेटर तरी पुरा व्हायचा. त्याच उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, बदलला, आणि जूनअखेर मागे घेतला गेला. सहा वर्षांच्या पोराला किती भाषा झेपतील यावर महाराष्ट्रभर सभा झाल्या, मीही दोन ऐकल्या. बोलणारे पोटतिडकीनं बोलत होते. सातपुड्यातलं सहा वर्षांचं पोरगं घरी पावरी किंवा भिली, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी आणि पडावावर गुजराती बोलतं, हे त्या सभांत कुणालाच ठाऊक नसावं. नाहीतर त्यांनी त्यालाच तज्ज्ञ म्हणून समितीवर घेतलं असतं. भत्त्यासह.

आमच्या गावात आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव, सगळा डोंगर त्याच्या कपाटांत. त्या खात्याची ‘नामांकित’ नावाची योजना चांगली आहे: आदिवासी पोरं निवडायची आणि नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवायची, खर्च सरकारचा. काही पोरांचं त्यात सोनं झालं आहे. पण गंमत बघा. तिथे घर जागेवर राहतं, पोराला हलवतात. ऊसतोडीत घर हलतं, शाळा जागेवर राहते. पोराबरोबर शाळेनं हलावं, हे कुणाच्याच योजनेत नाही.

कुणाच्याच म्हणालो, ते चुकलं. एकांच्या होतं. सरदार सरोवराचं पाणी चढायला लागलं तेव्हा नर्मदाकाठच्या गावांत, चिमलखेडी-निमगव्हाणला, धरणविरोधी आंदोलनवाल्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा काढल्या. शिक्षण पोरांच्या बोलीतून सुरू, मराठी हळूहळू. पाण्यात शाळा बुडाली की वर सरकून पुन्हा बांधायची. त्यांच्या राजकारणाशी तुमचं जमो न जमो, हलती शाळा कशी असते ते त्यांनी करून दाखवलं, तेही बांबू आणि कुडाच्या भिंतींवर. त्या बुडीत गावांतली किती तरी माणसं शेवटी आमच्याच तालुक्यात येऊन वसली. तळोद्याचं सुमारे ४२०० हेक्टर जंगल त्यासाठी मोकळं केलं गेलं. रोझवा, रेवानगर ही पुनर्वसनाची गावं आज बसच्या पाटीवर आहेत. तेव्हा फिरती म्हणजे काय, हे या तालुक्याला जिनिव्हाहून शिकवायची गरज नाही.

कायद्याचंही बघा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम म्हणतं की मूल राज्यात किंवा राज्याबाहेर, कोणत्याही कारणानं हललं, तर दुसऱ्या शाळेत जायचा त्याला हक्क आहे, आणि टीसी यायला उशीर झाला म्हणून त्याला दारात उभं करता येणार नाही. हे कलम मी तीनदा वाचलं. जिनिव्हाच्या मास्तरांनी जे चाळीस वर्षं घासून काढलं, तेच आमच्या संसदेनं एका परिच्छेदात लिहून ठेवलं आहे. फ्लेक्स तेवढा छापला नाही. राज्य सरकारनं पुढे शिक्षण हमी कार्डही काढलं. पोरगं निघालं की हेडमास्तरांनी त्यावर इयत्ता, काय येतं, काय येत नाही, ते लिहून द्यायचं. पोरगं जिथे जाईल तिथल्या शाळेनं ते पाहून बसवून घ्यायचं. उत्तम. फक्त कार्ड मराठीत, आणि पोरगं जातं गुजरातेत.

एका हेडमास्तरांना विचारलं. चांगला माणूस, पायवाट तुडवून शाळेवर जाणारा. म्हणाले, “दादा, कार्ड देतो ना मी. पण ट्रक रात्री येतो. सकाळी वर्ग निम्मा रिकामा असतो. कार्ड द्यायचं कुणाला?” टेबलाचा खण उघडून त्यांनी कार्डं दाखवली. सुवाच्य अक्षर. एका कार्डावर शेऱ्यात लिहिलं होतं: ‘बेरीज उत्तम, हातच्याचा सराव हवा.’ हातचा इथेच राहिला होता, खणात.

नंबरांची मात्र चंगळ आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आमच्या शेजारच्या शहादा तालुक्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१०ला. आता विद्यार्थ्यांसाठी ‘अपार’ नावाचा बारा आकडी वेगळा नंबर आला आहे. नाव मात्र पटावर शोभेल असं. एक देश एक रेशन कार्ड झाल्यापासून पोराच्या वाट्याचा गहू राज्याची हद्द ओलांडू शकतो. त्याची चौथी इयत्ता ओलांडू शकत नाही. २०११च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत तळाला. दर वेळी भाषणात हा आकडा येतो आणि बोलणारे हळहळतात. वक्ता हळहळत असतानाच बाहेरून ट्रक जात असतो.

राहता राहिला तळोद्याचा इतिहास. आमच्या गावचा सगळ्यांत यशस्वी विद्यार्थी कोण, असं मी त्या कोऑर्डिनेटर मॅडमना विचारणार होतो, पण बाटलीतलं पाणी संपलं होतं. तर तो विद्यार्थी म्हणजे मल्हारराव होळकर. जन्म जेजुरीकडच्या होळचा. बाप लहानपणी गेला, आई पोराला घेऊन माहेरी तळोद्याला आली, आणि पोरगं मामा भोजराज बारगळांच्या आश्रयानं इथे वाढलं. पुढे इंदूरचं राज्य. म्हणजे मध्येच दाखल झालेलं, दुसऱ्या मुलखातून आलेलं, बोली वेगळी असलेलं पोरगं. आधीची शाळा कोणती, बोर्ड कोणतं, टीसी आणला का, असं बारगळांच्या गढीच्या दारात कोणी विचारल्याची नोंद नाही. आत घेतलं.

परवा, दिवाळी होऊन आठ दिवस झाल्यावर, पहाटे स्टँडवर गेलो होतो. नंदुरबारची पहिली गाडी पकडायची होती. तोच तो ट्रक भरत होता, की दुसरा, सगळे सारखेच दिसतात. गोधड्या, पेट्या, निळा ड्रम. पोरगं ओळखीचं वाटलं. वत्तावालं. अंगात शाळेचा निळा शर्ट तसाच. बहीण दिसली नाही, आश्रमशाळेत असेल.

सामानावर अंथरायला त्याच्या बापानं एक मोठा कागद उलगडला. कागद नव्हे, फ्लेक्स. प्रवेश संपले, शाळेनं उतरवला, कुठून तरी याच्या हाती लागला. पडावावर खोपीला तोच घालतात. पाचटापेक्षा बरा, पाऊसबिऊस आला तर गळत नाही. चार कोपऱ्यांना भोकं पाडून त्यानं दोरी ओवली. एक भोक मधोमध हवं होतं, ते नेमकं त्या फुलीवर पाडलं.

“छापलेली बाजू आत घाला की, दादा,” मी म्हटलं. “पोराला पडल्या पडल्या वाचता येईल.”

“नाही हो, भाऊ,” तो म्हणाला. “छापलेली बाजू वरच ठेवायची. पाणी सरकतं.”

क्लीनरनं फळी आपटली. टाय लावलेला तो गोरा मुलगा गोधड्यांवर उताणा निजून, आभाळाकडे बघत हसत, बारडोलीला निघाला. टीसी न घेता.